व्हाइट सॉस पातळ असतानाच उतरवा

घरच्या व्हाइट सॉस पास्त्याच्या तक्रारी दोनच असतात. एक तर गुठळ्या होतात, नाहीतर ताटात वाढेपर्यंत त्याचा लगदा होतो. गुठळ्यांची धास्ती सगळ्यांनाच असते, पण त्या सुधारता येतात. लगदा का होतो हे मात्र पटकन ध्यानात येत नाही. कढईत सॉस मस्त दाट दिसला की आपण समाधानाने गॅस बंद करतो आणि तिथेच फसतो. मैद्याने दाट झालेला सॉस निवताना आणखी दाट होतो. त्यात घातलेला पास्ता पाणी ओढत राहतो आणि चीजही निवताना घट्ट होतं. म्हणून उतरवताना सॉस ‘अजून जरा पातळच आहे’ असं वाटलं पाहिजे. पेजेपेक्षा दाट, पिठल्यापेक्षा पातळ.

यात क्रीमचा डबा लागत नाही. दूध, लोणी आणि मैदा एवढ्यावर मूळ सॉस होतो. फ्रेंच त्याला बेशामेल म्हणतात आणि इटलीत तो लसान्याच्या थरांमध्ये असतो. आपल्याकडे कॅफेत ‘व्हाइट सॉस’ नावाने मिळतं ते बहुधा हेच, वर चीज आणि सुकी हर्ब घातलेलं. बाजारातलं साधं फ्रेश क्रीम साधारण २५ टक्के स्निग्धांशाचं असतं. ते नुसतं उकळून सॉस दाट होत नाही, आणि आंबट काही पडलं तर फाटतं. मैद्याचा सॉस जास्त सोशिक.

तीन जणांसाठी लागेल ते असं:

पास्ता २०० ग्रॅम
दूध ५०० मिलि, म्हणजे अर्ध्या लिटरची एक पिशवी
लोणी २५ ग्रॅम, १०० ग्रॅमच्या पुड्याचा बरोबर चौथा हिस्सा
मैदा २५ ग्रॅम, मोठ्या चमच्याने (१५ मिलि) तीन सपाट चमचे
लसूण ४–५ पाकळ्या, बारीक चिरून
किसलेलं चीज ४०–५० ग्रॅम
मिरी, जायफळ, मीठ

मैदा आणि लोणी वजनाने सारखं घ्या. ‘दोन चमचे मैदा’ म्हणताना एकाचा चमचा सपाट असतो, दुसऱ्याचा शीग लावलेला, आणि या दोहोंत जवळजवळ दुपटीचा फरक पडतो. घरी छोटा वजनकाटा असेल तर इथे वापरा. लोणी मैद्याहून कमी पडलं तर मैद्याचे सगळे कण भिजत नाहीत आणि गुठळ्या होतात. फार जास्त झालं तर ते सॉसवर तेलासारखं तरंगतं.

दूध टोन्ड (३ टक्के स्निग्धांश) चालेल, फुल क्रीम (६ टक्के) असेल तर उत्तम. गोवा डेअरीची रोजची पिशवी पुरे. दूध आधी एकदा वेगळं तापवून घ्या. पिशवीचं दूध तापवायलाच हवं असं नसतं हे खरं, पण एप्रिल-मेच्या उकाड्यात किंवा रात्री वीज गेली असेल तर दूध काठावर आलेलं असतं आणि तापवताच नासतं. ते टोपात एकटं नासलेलं परवडलं, कढईत मैदा-लोण्यासकट नको. तापवल्यावर साय आली तर काढून बाजूला ठेवा. सॉसमध्ये तिच्या पांढऱ्या फोदी दिसतात आणि त्या गुठळ्याच वाटतात.

मैद्याकडेही बघा. पावसाळ्यात गोव्यातली हवा दमट असते, डब्यात मैदा कुबट वासाचा होतो, टोके पडतात. सॉसमध्ये मैद्याची चव झाकायला फारसं काही नसतं, त्यामुळे जुना मैदा लगेच कळतो. चाळून घ्या, वास घ्या, उरलेला घट्ट डब्यात फ्रीजमध्ये ठेवा.

पास्ता घेताना पुड्यावर ड्युरम गव्हाचा रवा लिहिलेलं पाहा. सुटी मिळणारी मॅकरोनी स्वस्त असते, पण बरेचदा साध्या गव्हाची. ती उकळताना मऊ होऊन फुटते आणि पाणी गढूळ करते. तीच वापरायची असेल तर पाचव्या मिनिटापासून एकेक दाणा चावून पाहत राहा. या सॉसला आकार पेने, फुसिली किंवा मॅकरोनी असा पोकळ वा पिळाचा बरा. सॉस आत शिरतो आणि अडकून राहतो.

पाणी आधी ठेवा. २०० ग्रॅम पास्त्याला दोन लिटर पाणी आणि तीन सपाट चहाचे चमचे मीठ. हे मीठ जास्त वाटेल, पण त्यातलं बरंचसं पाण्याबरोबर जातं, आणि पास्त्याला आतून मीठ लागायची वेळ ही एकच. तेल घालू नका. पास्ता तेलकट झाला की सॉस त्याच्यावरून घसरतो. पाणी खळखळून उकळल्यावर पास्ता टाका, पहिलं मिनिटभर ढवळा, आणि पुड्यावर लिहिलेल्या वेळेच्या दोन मिनिटं आधी उतरवा. चावल्यावर मधोमध बारीकसा पांढरा ठिपका दिसला पाहिजे. उरलेलं शिजणं सॉसमध्ये होईल. गाळण्याआधी एक कप पाणी बाजूला काढा. त्यात पास्त्याचं सत्त्व उतरलेलं असतं, आणि सॉस सारखा करायला दुधापेक्षा ते कामाचं. गाळलेला पास्ता नळाखाली धुवू नका, धुतला तर वरचं चिकटपण जातं आणि सॉस धरत नाही.

आता सॉस. जाड बुडाची कढई किंवा टोप घ्या. पातळ ॲल्युमिनियमचं भांडं नको, दूध तळाला हमखास लागतं. ढवळायला तारेची व्हिस्क असेल तर छान, नाहीतर सपाट टोकाचा लाकडी चमचा. करवंटीचा डाव इथे उपयोगाचा नाही. तो वाटीसारखा खोल असल्यामुळे तळाच्या कडेपर्यंत पोचत नाही, आणि मैदा नेमका तिथेच धरतो.

मंद आचेवर लोणी वितळवा. फेस येऊन तो बसायला लागला की लसूण टाका आणि अर्धा मिनिट परता. लसणाचा रंग बदलू देऊ नका, लालसर झाला तर कडवटपणा सगळ्या सॉसभर पसरतो. मग मैदा एकदम घाला आणि ढवळायला लागा. आधी ओल्या वाळूसारखा गोळा दिसेल, मग तो सैल होऊन बारीक बुडबुडे येतील. दोन ते तीन मिनिटं असंच मंद आचेवर परतत राहा. मैद्याचा कच्चा वास जाऊन नानकटाई भाजल्यासारखा वास आला की झालं. रंग फिकट पिवळाच राहायला हवा. बेसनाच्या लाडवाच्या सवयीने खमंग भाजायला जाऊ नका. मैदा जितका तांबूस भाजाल तितकी त्याची दाट करायची ताकद कमी होते, आणि सॉस पांढरा राहत नाही.

या परतण्यात काय होतं ते समजलं तर गुठळ्यांची भीती जाईल. कोरडा मैदा गरम दुधात पडला की प्रत्येक गोळीचं बाहेरचं पीठ आधी शिजून चिकट होतं आणि आतलं कोरडं तसंच बंद होऊन बसतं. पिठल्यात होतं तेच. लोण्यात परतल्यावर मैद्याच्या प्रत्येक कणाभोवती स्निग्धाचा थर येतो, कण एकमेकांपासून सुटे राहतात आणि दुधात सुटे सुटेच फुगतात. म्हणून लोण्याची काटकसर करून ‘थोडं तेल, जास्त मैदा’ केलं की ते जमत नाही.

दूध कोमट किंवा गार, दोन्ही चालतं. गार दुधाने थोडा वेळ जास्त लागतो एवढंच. महत्त्वाचं आहे ते थोडं थोडं घालणं. पहिल्यांदा फक्त पाव कप घाला. लगेच ते उकडीसारखं घट्ट होऊन चमच्याला गोळा येईल. इथे घाबरून पुष्कळजण सगळं दूध ओततात आणि गोळ्याचे तुकडे दुधात पोहायला लागतात. तसं करू नका. तो गोळा तळावर दाबून दाबून एकसारखा करा, मग पुन्हा पाव कप. दुसऱ्या खेपेला तो मऊ कणकेसारखा, तिसऱ्या खेपेला केकच्या पिठासारखा होतो. तिथून पुढे धोका संपला, उरलेलं दूध दोन हप्त्यांत ओतलं तरी चालेल.

आता आच मध्यम करा आणि ढवळत राहा. मैद्यातला स्टार्च ६० अंशांच्या पुढे फुगायला लागतो, पण पुरता दाटपणा उकळीच्या जवळ गेल्यावरच येतो. त्यामुळे चार-पाच मिनिटं काहीच होत नाही असं वाटेल. तेवढ्यात आणखी मैदा घालायचा मोह होतो, तो टाळा. पहिला बुडबुडा फुटला की आच मंद करा आणि पाच मिनिटं हलकं रटरटू द्या. ही पाच मिनिटं गाळली तर सॉस दिसतो बरोबर, पण जिभेला पिठूळ लागतो.

दाटपणा पाहायला चमचा बुडवून उलटा करा आणि त्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढा. रेघ स्वच्छ राहिली आणि वरचा सॉस हळूहळूच तिच्याकडे सरकला तर नेमका झाला. रेघ लगेच बुजली तर मिनिटभर आणखी. सॉस जागचा हललाच नाही तर दाट झालाय, दोन-तीन चमचे दूध घाला.

चव घेताना एक पथ्य पाळा. चाखलेला चमचा पुन्हा सॉसमध्ये बुडवू नका. उष्टं-खरकटं तर आहेच, पण इथे त्याचं रोकडं कारणही आहे. लाळेतला अमायलेज स्टार्च तोडतो, आणि सॉस ठेवल्यावर पातळ पडायला लागतो.

गॅस बंद करा, मिनिटभर थांबा, मग चीज घाला. उकळत्या सॉसमध्ये घातलं तर चीजमधलं प्रथिन आवळतं, दोरे सुटतात आणि तेल वेगळं होतं. आपल्या दुकानात मिळणाऱ्या प्रोसेस्ड चीजमध्ये ते एकजीव ठेवणारे क्षार घातलेले असतात, म्हणून या सॉसला ते छान वितळतं. पारमेझानची ऐट असेल तर चव वाढते, पण बारीक किसा आणि थोडं घाला. पिझ्झावरचं मोझरेला मात्र नको, प्रत्येक घासाला तारा ओढत बसावं लागतं.

मीठ अगदी शेवटी. पुड्यातलं पिवळं लोणी खारट, चीज खारट, पास्ता मिठाच्या पाण्यातला. पुष्कळदा वेगळं मीठ लागतच नाही. मिरी खडबडीत कुटून. जायफळ या सॉसचं खरं अत्तर, आणि इथे ते मिळवायला लांब जावं लागत नाही. फोंडा, सत्तरीच्या कुळागरांत, म्हणजे बागायतींत, माडा-पोफळीच्या सावलीत जायफळाची झाडं असतात. अख्खं जायफळ घ्या आणि बारीक किसणीवर दोन-तीनदाच फिरवा. पूड आणलीत तर चिमटीचं अर्ध. जास्त झालं की सॉसला श्रीखंडाचा वास येतो.

पास्ता सॉसमध्ये घाला, गॅस मंद चालू करा आणि बाजूला काढलेल्या पाण्यातलं चार-पाच मोठे चमचे घालून दीड-दोन मिनिटं हलवा. पास्ता तळाशी दिसत नाही पण सॉस कढईत सावकाश वाहतोय, असा दिसला की लगेच ताटात. जेवणाऱ्यांना आधी बसवा. हा पदार्थ कुणाची वाट पाहत नाही.

भाज्या आणि इतर भर

ज्याला पाणी सुटतं ते वेगळं परतायचं, हा एकच नियम. बटण मशरूमचं २०० ग्रॅमचं पाकीट मोठ्या आचेवर, कढईत गर्दी न करता, सुटलेलं पाणी आटून कडा तांबूस होईपर्यंत परता. कच्चे सॉसमध्ये टाकले तर सॉस करडा आणि पाणचट होतो. ढोबळी मिरची, मक्याचे दाणे, ब्रोकोली, वाटाणा सगळं आधी शिजवून, शेवटी मिसळायला. पालक असेल तर पिळून. पावसाळ्यात रोयणीवरची (वारुळावर उगवणारी) अळमी, म्हणजे रानमशरूम, मिळाली तर त्यांना या सॉसपासून दूर ठेवा. एवढ्या महागाची वस्तू, तिचा मंद वास लोण्या-चीजखाली गाडून काय उपयोग? त्यांचं खोबऱ्याचं तोंडाक, म्हणजे रस्साच करावा.

सुंगटांचा (कोळंबीचा) पास्ता करायचा असेल तर खरी चव सोलांत, म्हणजे कवचांत, आणि डोक्यांत असते. २०० ग्रॅम सोललेली सुंगटं होतील एवढी घ्या. सोलं-डोकी धुऊन मोजलेल्या लोण्याखेरीज एक चमचा वेगळ्या लोण्यात लाल होईपर्यंत परता, त्यावर दूध ओता, दहा मिनिटं अगदी मंद ठेवून गाळून घ्या. हेच दूध सॉसला वापरा. आटलं असेल तर साध्या दुधाने पुन्हा ५०० मिलि करा. सुंगटं मात्र वेगळ्या तव्यावर दोन मिनिटंच, वळून गुलाबी होईपर्यंत, आणि पास्त्याबरोबर शेवटी. सॉसमध्ये शिजत ठेवली तर रबर. सुंगटं असली की चीज निम्मं करा.

चोरीस, म्हणजे गोव्याचं डुकराच्या मांसाचं सॉसेज, घालणारे घालतात, आणि ते चांगलंही लागतं, पण त्यात व्हिनेगर असतं. कवच काढून, कुस्करून कोरड्या कढईत आंबट वाफ जाईपर्यंत परता. जी लाल चरबी सुटेल ती मोजून लोण्याऐवजी वापरा, एकूण स्निग्ध २५ ग्रॅमच राहू द्या. सॉस केशरी होतो. मिरी आणि मीठ तेव्हा घालूच नका.

लिंबू, टोमॅटो किंवा वाइन हवी असेल तर जपून. मैद्याचा सॉस नुसत्या दुधासारखा पटकन फाटत नाही, पण उकळत्यात लिंबू पिळलंत तर बारीक रवाळ होतो. लिंबाची किसलेली साल वापरा, वास मिळतो आणि आंबट पडत नाही.

बिघडलं तर

गुठळ्या झाल्या तर सॉस आणखी उकळू नका, त्या आणखी टणक होतात. रव्याच्या चाळणीतून किंवा पुरणाच्या जाळीतून चमच्याने घासून काढा. चहाच्या गाळणीतून तो जात नाही. मिक्सर वापरायचा असेल तर सॉस कोमट होऊ द्या, कारण गरम सॉस झाकण उडवतो. दोनदा थांबून थांबून फिरवला की पुरे, जास्त फिरवला तर तो खळीसारखा चिकट होतो.

तळाला लागलं आणि वास आला तर खरवडू नका. वरचा सॉस अलगद दुसऱ्या भांड्यात ओता, तळ तसाच सोडा. चाखून पाहा. करपट चव उतरली असेल तर जायफळाने, मिरीने ती झाकत नाही, दुसरा करावा.

कडेला तेल दिसतंय? तो जास्त तापलाय किंवा आटलाय. गॅसवरून काढा आणि पास्त्याचं गरम पाणी एकेक चमचा घालत जोरात फेटा, बहुतेक वेळा पुन्हा जुळून येतो.

मैद्याऐवजी

कणीक चालते, पण करड्या ठिपक्यांचा आणि थोडा पातळ सॉस होतो. कॉर्नफ्लोअर मैद्यापेक्षा जवळजवळ दुप्पट दाट करतं, म्हणून १५ ग्रॅम पुरतं. ते लोण्यात न परतता पाव कप गार दुधात कालवून उकळत्या दुधात ओतायचं. सॉस चकचकीत होतो, पण जास्त वेळ उकळला किंवा पुन्हा तापवला तर पाणी सोडतो.

दूध चालत नसेल तर काजू आहेतच. तुकडा स्वस्त पडतो आणि इथे तोच घ्यावा. १०० ग्रॅम तुकडा गरम पाण्यात अर्धा तास भिजवून, पाणी टाकून, २५० मिलि ताज्या पाण्याबरोबर गंधासारखा वाटा. लसूण तेलात परतून त्यावर हे ओता आणि मंद आचेवर तीन-चार मिनिटं ढवळा. काजूतही स्टार्च असतो, त्यामुळे मैद्याशिवाय तो दाट होतो, आणि हाही निवताना आळतोच. नारळाचा रस या कामाचा नाही. जोरात उकळला की फुटतो, आणि पास्त्यापेक्षा कालदीनच (नारळाच्या रसाचं गोव्याचं कालवण) खाल्ल्यासारखं वाटतं.

वर काही कुरकुरीत हवं असेल तर आदल्या दिवशीचा पोदेराचा उंडो (बेकरीवाल्याचा गोल पाव) हाताने कुस्करून चमचाभर लोण्यात सोनेरी परता. वाढताना वरून भुरभुरवा, आधी नाही.

उरलेला नुसता सॉस फ्रीजमध्ये दोन दिवस राहतो. गरम असतानाच त्याच्या पृष्ठभागावर लोण्याचा तुकडा फिरवा, म्हणजे साय धरत नाही. तापवताना मंद आचेवर दोन-तीन चमचे दूध घालून फेटा. फ्रीझरमध्ये ठेवू नका, सुटल्यावर पाणी आणि दही असं वेगळं होतं.

सॉस हाताबाहेर घट्ट झाला असेल, तर त्याचं रिसॉइसचं, म्हणजे करंजीसारख्या दुमडून तळलेल्या पदार्थाचं, सारण होतं. गोव्याच्या किरिस्तांव (ख्रिश्चन) घरांतल्या त्या सुंगटांच्या सारणाला असाच घट्ट व्हाइट सॉस लागतो. मुद्दाम करायचा तर ५०० मिलि दुधाला मैदा आणि लोणी प्रत्येकी ६० ग्रॅम. त्यात परतलेली, बारीक चिरलेली सुंगटं, मिरी आणि कोथिंबीर घाला आणि फ्रीजमध्ये पूर्ण गार करा. सारण कोमट असतानाच भरलंत तर नेवरीसारखी दुमडलेली कड सुटते आणि तळताना सगळं तेलात येतं.